हात मांगं घ्या, डॉक्टर

"हात मांगं घ्या, डॉक्टर."

असं म्हणून आमचे सर आपला उजवा हात पाठीमागे न्यायचे, खुर्ची माझ्याकडे फिरवायचे आणि डोळे मिटायचे. मीही हात मागे न्यायचो. मग ते शांतपणे एक, दोन, तीन मोजायचे आणि आम्ही दोघं हात पुढे आणून बोटं दाखवायचो. त्या क्षणी कुणी दार उघडलं असतं तर वाशिमच्या स्कॅन सेंटरमधले दोन रेडिऑलॉजिस्ट, एक साठीतला आणि एक पन्नाशीला टेकलेला, अंधाऱ्या खोलीत पोरांसारखे खेळताना सापडले असते.

पण तो खेळ नव्हता. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा एमआरआय पाहून आम्ही एक ते पाच यांतला एक आकडा देतो. एक म्हणजे घरी जा, निवांत झोपा. पाच म्हणजे कॅन्सरची दाट शंका. चार आणि पाच आले की सर्जन तुकडा काढून तपासतो. तीन म्हणजे काय, ते मला विचारू नका. आपल्याला नीट कळलेलं नाही, हे आकड्यात सांगायची ती सोय आहे. अडचण अशी, की एकच चित्र दोन डॉक्टरांपुढे ठेवलं तर आकडे दोन येऊ शकतात. एकाच डॉक्टरपुढे सोमवारी आणि शुक्रवारी ठेवलं, तरी येतात. आमच्या पेशातली ही गोष्ट आम्ही लग्नाच्या पंगतीत सांगत नाही.

ते मात्र सांगायचे. पंगतीतही सांगायचे. "पयलं जो बोलते ना, त्याचंच दुसऱ्याले खरं वाटते," ते म्हणायचे. "म्या तोंड उघडलं का तुमचे डोळे बंद झाले. म्हणून बोटं." आणि त्यावर त्यांचा नियम होता. बोटं जुळली तर सही करायची. नाही जुळली तर चहा सांगायचा आणि दोघांनी मिळून ते चित्र पहिल्यापासून पुन्हा पाहायचं.

आता एक कबूल करून टाकतो. मी त्या माणसावर जळायचो. अगदी मन लावून, नेमाने जळायचो. त्यांचा आकडा आज जो, तोच सहा महिन्यांनी. अकोल्याचे सर्जन फोन करायचे आणि मी उचलला तर म्हणायचे, "सर आहेत का?" पेशंट माझ्या सहीचा रिपोर्ट हातात घेऊन विचारायचे, "मोठ्या डॉक्टरनं पाह्यला ना?" माझ्या सासऱ्यांचा स्कॅन मी स्वतः जीव ओतून वाचला, तर बायको म्हणाली, "बरं केलंत. आता सरांना दाखवा." चहावाला आम्हाला एकाच किटलीतून चहा द्यायचा, तरी आलं त्यांच्याच कपात पडतं अशी माझी खात्री होती.

तेव्हा मी एक सापळा रचला. टेक्निशियनला फितवून एका जुन्या स्कॅनवरचं नाव काढून टाकलं आणि तो नव्या स्कॅनमध्ये मिसळला. पूर्वी त्यांनी त्याला चार दिले होते. आज तीन निघाले की झालं. ते पडद्यासमोर बसले, चार बोटं दाखवली आणि मी मनातल्या मनात शिव्या घालणार, तेवढ्यात म्हणाले, "पण हे धरू नका."

"का, सर?"

"वळखलं म्या. याच्या उजव्या मांडीच्या हाडात सळाख हाये, मांगं पाह्यला होता याले. वळखीच्या पेपरचे मार्क कायले द्यायचे?" आणि मग सहज, नजर पडद्यावरून न हलवता, "नाव काढून पुना टाका. सळाख नसलेला निवडा."

अशा माणसाचं तुम्ही काय कराल?

मी जे केलं ते सांगतो. त्यांच्या खुर्चीमागे कपाटावर एक बंद पडलेला मॉनिटर होता. एके दिवशी ते डोळे मिटून मोजत असताना माझी नजर सहज वर गेली, आणि त्या काळ्या काचेत मला त्यांची पाठ दिसली. पाठीवरचा हात दिसला. हाताची तीन बोटं दिसली. ते मोजायच्या आधीच बोटं ठरवून ठेवायचे, त्यामुळे घाई नव्हती. हे पुन्हा करायचं नाही, असा मी तिथल्या तिथे निश्चय केला. तो चहा येईपर्यंत टिकला.

तेव्हापासून आमचं फार जुळू लागलं. दर वेळी नाही. मी कलावंत आहे, अधूनमधून मुद्दाम एखादं बोट चुकवायचो. पण सर्जनांचा फोन आला, "तुमच्या दोघांचं इतकं जुळतं, की मला निर्णय घेताना धीर येतो." आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनमध्ये 'तुमच्या दोघांचं' होतं. सर तर भेटेल त्याला सांगत सुटले, "आमचं जुळते आता. या डॉक्टरचा डोळा तयार झाला." कँटीनमध्ये त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो हात कितीतरी दिवस मिरवला.

मग शेलूबाजारचा एक बागायतदार आला. मेथी, वांगी, फुलकोबी पिकवणारा, बासष्टीचा, बोलका माणूस. रक्ताच्या तपासणीत थोडं वरखाली होतं म्हणून स्कॅन. चित्र पाहिलं आणि ग्रंथीच्या पुढच्या भागात, उजवीकडे, मला एक डाग दिसला. धड कडा नसलेला, कोळशाचा हात पुसावा तसा. मी मागे चार बोटं धरली. काचेत पाहिलं. सरांची दोन होती.

एक क्षण मी थांबलो, हे मला स्पष्ट आठवतं. मग मी दोन बोटं मिटली.

"जुळलं," ते म्हणाले. सही झाली. चहा आला नाही, दुसऱ्यांदा कुणी पाहिलं नाही. माणूस घरी गेला.

नऊ महिन्यांनी तो परत आला. रक्तातला आकडा दुपटीवर गेला होता. सरांनी नवा स्कॅन उघडला, शेजारी जुना उघडला. नव्यात डाग पसरला होता. जुन्यात तो त्याच जागी होता, आता शोधावाही लागत नव्हता. या वेळी त्यांनी हात मागे घ्यायला सांगितलं नाही. पाच होते, आणि ते दोघांनाही दिसत होते.

त्यानंतरचा आठवडा त्यांनी चूक शोधण्यात घातला. मॉनिटरचा उजेड तपासला. खोलीचे पडदे बदलले. जुना स्कॅन नागपूरच्या मित्राला पाठवला. मित्र म्हणाला, जागा अवघड आहे, कुणाकडूनही सुटलं असतं. त्यांना ते पटेना. "एकाचं चुकते, मान्य," ते मला म्हणाले. "मी चुकलो. पण तुमी बी दोनच दाखवले. दोघायचं सारखंच कसं चुकते?" मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माह्ये डोळे गेले असतीन. आन् तुमाले शिकवलं म्याच, तं माही चूक तुमच्यात उतरली. आता वाचणं बंद करतो."

इथे मी गप्प बसलो असतो, तर खोली माझी झाली असती. फोन माझे, आल्याचा चहा माझा. तुम्ही जे मनात म्हणताय, तेच मी तेव्हा मनात म्हटलं, आणि त्या विचाराचीच मला किळस आली.

"सर, मला चार दिसले होते."

"मंग दोन काहून दाखवले?"

मी कपाटावरच्या काळ्या काचेकडे बोट केलं.

ते उठले. मला त्यांच्या खुर्चीत बसवलं, स्वतः माझ्या खुर्चीत बसले. "हात मांगं घ्या, डॉक्टर." मी घेतला. ते माझ्या डोक्यावरून काचेत पाहत राहिले. "तीन," ते म्हणाले. "साफ दिसते." मग विचारलं, "कवापासून?"

"दोन वर्षं झाली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"म्हंजे दोन वर्षं या खोलीत मी एकलाच होतो."

मी आजवर कमी बोलणी खाल्लेली नाहीत. त्यातलं हे एकच वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे.

डोळे गेल्याची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सोडून दिली, पण मला सोडलं नाही. दोन वर्षांतले जुळलेले सगळे स्कॅन आम्ही पुन्हा वाचले. ते सकाळी, मी दुपारी, चिठ्ठ्यांवर आकडे लिहून. जिथे चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तिथे चहा. चौघांना परत बोलावलं. प्रत्येकाला सरांनी कारण स्वतः सांगितलं. एकाचा तुकडा तपासावा लागला. तो साधा निघाला, कॅन्सर नव्हता, तेव्हा मला कळलं की मी चार दिवस नीट जेवलो नव्हतो.

बागायतदाराचं ऑपरेशन नागपूरला झालं. तो घरी आल्यावर सर मला त्यांच्या गाडीतून शेलूबाजारला घेऊन गेले. तो मळ्यात खाटेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता.

"पयल्या टायमाले तुमचं दुखणं आमच्यातल्या एकाले दिसलं होतं," सर म्हणाले. "मले दिसलं नाई. ज्याले दिसलं, त्यानं माह्याकडं पाह्यलं आन् बोलला नाई."

"कोन?"

"मी," मी म्हणालो.

त्याने हातातली जुडी खाली ठेवली. "तुमाले दिसलं," तो म्हणाला, "आन् तुमी या मोठ्या डॉक्टरकडं पाह्यलं?"

"हो."

"दुखनं माह्यात होतं ना डॉक्टर. मंग माह्याकडं पाहाचं."

एवढं बोलून तो जुडी बांधायला लागला. निघताना सरांना त्याने पिशवीभर वांगी दिली. मला दिली नाहीत. आणि इतकं सगळं होऊनही, मंडळी, मी गाडीत त्या वांग्यांवरून जळत होतो.

जुना मॉनिटर मी फेकून देणार होतो. "राहू द्या," सर म्हणाले, आणि घरून एक पिवळा टॉवेल आणून त्यावर टाकला. त्यानंतर आमची बोटं पहिल्यापेक्षा जास्त चुकू लागली. सर्जनांनी काळजीने फोन केला. सर मात्र खूश. माझी चार आणि त्यांची तीन आली, की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "आज दोघं हाओत आपण. चहा सांगा."

पुढे काही वर्षांनी मोतीबिंदू काढल्यावर ते लेकीकडे नागपूरला राहायला गेले. आमचं दुसरं वाचन आता कुठल्यातरी शहरातून कॉम्प्युटरवर येतं. नुसता आकडा येतो. बोटं येत नाहीत.

परवा त्यांना फोन केला. म्हणाले, इथल्या एका सेंटरवर आठवड्यातून दोनदा वाचायला जातो. "एक बाई हायेत संगं. हुशार हायेत. दर खेपेला वाद घालतात, लय चहा होते."

माझं जुनं, नेमाचं जळणं पुन्हा सुरू झालं.

"बोटं दाखवता त्यांना?"

"मंग."

"तुमच्या मागे काय आहे, सर? काच, आरसा?"

ते बराच वेळ हसले. "भिंत हाये. पांढरी. पयल्याच दिवशी हात लावून पाह्यली."

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर मानोऱ्याच्या एका शिक्षकांचा स्कॅन उघडा होता. मी तो नीट पाहिला. मग खुर्ची फिरवली, हात मागे घेतला आणि मनातल्या मनात मोजलं. समोरच्या खुर्चीवर त्यांची विसरलेली चष्म्याची डबी होती, तिच्यामागे कपाटावर पिवळा टॉवेल.

मी चार बोटं पुढे केली. मग उठून दोन चहा सांगितले आणि स्कॅन पहिल्यापासून पुन्हा उघडला.