एक पाटा जास्तीचा

पाटेकाकांच्या अंगणात चार लोखंडी पायांवर एक खोली उभी होती. पिवळ्या पत्र्याची, एक दार, तीन खिडक्या, आत झोपायला फळ्यांचा ओटा आणि खिडकीशी एक घडीचं टेबल. घरची पिकअप उलटी घेत खोलीच्या पोटाखाली घालायची, बोल्ट आवळायचे, पाय वर उचलून घ्यायचे, की घरच निघालं गावाला. काकांच्या डोक्यात ते रोज निघत होतं. खोली मात्र अजून अंगणातून हाललेली नव्हती.

काकांचा धंदा पाट्यांचा. मालवाहू गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची चवड असते, ते पाटे. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. काका हातोडीनं पाटा वाजवून बघत. खणखणीत वाजला तर ठेवत, बद्द वाजला तर बाजूला टाकत. उभा जन्म त्यांनी लोकांच्या बसलेल्या गाड्या उठवण्यात घातला. त्या गाड्या कुठे कुठे जाऊन आल्या आणि काका आपले दुकान ते घर, घर ते दुकान.

खोलीचं वेड काकूंच्या एका वाक्यानं लागलं. सबंध आयुष्य शिलाई मशीनवर वाकून काकूंच्या कमरेची वाट लागली होती. रात्री त्या कूस बदलत राहायच्या आणि काका झोपल्याचं सोंग घेऊन पडून असायचे. दुसरं काय करणार? एकदा दुपारी कपड्यांना काजं करता करता त्या म्हणाल्या, "सकाळी उठावं आणि खिडकीत रोज काहीतरी वेगळं दिसावं, एवढंच वाटतं हो." काका हसले. आणि पुढच्याच आठवड्यात प्लायवूड घेऊन आले. बसून बसून कंबर भरून आली तर काकूंना कुठेही, हवं तेव्हा आडवं होता यावं, अशी खोली त्यांना बांधायची होती.

ती बांधून झाल्यावर दोघं दुपारची जेवणं उरकून तिथे जाऊन बसू लागली. लहान मुलांनी भातुकली मांडावी तसा प्रकार. काका ओट्यावर डोळे मिटून पडायचे आणि म्हणायचे, "आता उजव्या हाताला डोंगर लागलाय बघ. ढग पार खाली उतरलेत."

"डाव्या हाताला नदी," काकू खिडकीतून बघत म्हणायच्या. "आणि नदीकाठी तुमचा शर्ट वाळतोय."

काकांना तो डोंगर खरंच दिसायचा. पत्रा उन्हानं तापून बारीक आवाज करायचा, पडदा हलायचा आणि खोली हळूच जमीन सोडते आहे असं वाटायचं. त्या अर्ध्या झोपेत काकांनी किती मुलूख पालथे घातले याची गणतीच नव्हती.

पण काकू व्यवहारी. त्यांनी अट घातली. "आधी तळ्यापर्यंत जाऊन येऊ. माझ्या कमरेनं ऐकलं तर पुढचं बघू. नाही ऐकलं तर खोली विकून टाकायची, आणि परत हा विषय घरात काढायचा नाही. रोज स्वप्नं बघायची आणि रोज झुरायचं, मला नाही जमत."

काकांनी मान डोलावली.

सगळं सामान भरून खोली पहिल्यांदा पिकअपवर चढवली, त्या दिवशी शेजारचा रंगारी कुंपणाशी उभा होता. खोलीला पिवळा रंग त्यानंच दिलेला, त्यामुळे बोलायचा हक्क आपोआपच त्याच्याकडे आलेला. तो म्हणाला, "काका, गाडी उकिडवी बसली की हो!"

बसली होतीच. मागचं धूड खाली गेलेलं, नाक आभाळाकडे. पाट्यांच्या कारागिराच्या दारात असली गाडी! काकांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा खोली पायांवर उभी केली, पिकअप दुकानात नेली आणि कामाला भिडले. जुने पाटे सोडवले, ठोकून ठोकून त्यांना नवा बाक दिला, वर जाड पाटे चढवले, धक्के झेलणारे शॉकअपही दणकट बसवले.

आता काकांची एक सवय सांगायला हवी. गिऱ्हाईक वजनाबद्दल कधी खरं बोलत नाही. गाडीत विटा भरणारा म्हणतो, "थोडंफार सामान असतं हो." म्हणून मागितलं असेल त्याहून एक पाटा जास्तीचा घालायचा, ही काकांची रीत. त्यांच्या पाट्यांबद्दल कुणाची तक्रार येत नसे ती त्यामुळेच. घरच्या गाडीलाही त्यांनी सवयीनं एक जास्तीचा घातला. खोली परत चढवली तेव्हा पिकअप मागून चांगली वर राहिली. काका तिच्याभोवती दोनदा फिरले. काय ताठ उभी आहे, म्हणून त्यांची छाती फुगली.

तळ्याच्या वाटेवर ती छाती हळूहळू बसत गेली. रस्त्यात खडा आला तरी गाडी टणकन उडायची. काकूंनी दाराची मूठ घट्ट धरली होती. काका वेग कमी करत राहिले, इतका की एका सायकलवाल्यानं त्यांना मागे टाकलं.

"कसं वाटतंय?"

"छान."

हा 'छान' काकांच्या ओळखीचा होता. दातदुखीतही काकू हेच म्हणायच्या.

तळं आलं. काकू उतरल्या त्या दाराला धरूनच. चेहरा पांढराफटक. "चल, आत आडवी हो जरा," म्हणत काकांनी खोलीचं दार उघडलं आणि तिथेच थबकले. ओट्यावर गादी नव्हती. नुसती चादर होती. फळीवर भांडी नव्हती, पाण्याची टाकी कोरडी. खिडकीजवळचं टेबल रिकामं. ते काकांनी मुद्दाम शिलाई मशीनच्या मापानं केलं होतं.

"अगं, गादी कुठाय?"

"घरी."

"आणि मशीन?"

"ते तर तुम्ही दुकानात होतात तेव्हा सगळ्यात आधी उतरवलं. रंगाऱ्याला हात लावायला सांगितला." काकू चादरीवर हळूच टेकल्या. "तो म्हणाला ना, गाडी बसली म्हणून. तुमचं तोंड किती उतरलं होतं. म्हटलं, माझंच ओझं कमी करावं."

काका उंबऱ्यावरच बसले. वजन लपवणारी गिऱ्हाइकं त्यांनी उदंड पाहिली होती. गुपचूप वजन उतरवणारं हे पहिलंच. आणि त्याच्यासाठी त्यांनी जास्तीचा पाटा घातला होता! वर भार नसला की असा पाटा दबत नाही, माणसालाच उडवतो. त्यांना हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. आपल्या हातांनी आपणच हिची कंबर मोडली, असं त्यांना वाटलं, आणि ते फार लागलं.

"ठरल्याप्रमाणे विका आता," काकू समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता, नुसती हौस मेलेली होती.

"एकदा," काका म्हणाले. "सगळं सामान भरून फक्त एकदा. गादीसकट, मशीनसकट."

"गाडी बसेल."

"बसू दे."

काकूंनी चादरीची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाल्या, "एकदाच हं."

घरी परतल्यावर काका गाडीखाली शिरले. आयुष्यभर त्यांनी जास्तीचे पाटे घातले होते, घातलेला चांगला पाटा काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. जास्तीचा तो पाटा त्यांनी सवयीनं वाजवून पाहिला. खणखणीत होता. तरी काढून भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यापाठोपाठ दणकट शॉकअपही उतरवून जुने चढवले. मग गादी आली, भांडी आली, टाकी भरली, काळं जड मशीन टेबलावर बसलं. पिकअप मागून जराशी झुकली. रंगारी कुंपणाशी आलाच. त्यानं तोंड उघडलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "रंग काय खुललाय, नाही?"

या खेपेला खड्डा आला तेव्हा गाडी आधी खाली गेली, मग सावकाश वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. दुपारच्या उन्हात रस्ता पाण्यासारखा चमकत होता. काकूंचा हात मुठीवर होता. थोड्या वेळानं तो मांडीवर आला. मग मान एका बाजूला कलली.

काका समोर बघत होते आणि कान मात्र शेजारी होते. संथ, लांब श्वास. कुशी बदलणं नाही, कण्हणं नाही. काकूंना असं झोपलेलं पाहून किती काळ लोटला होता, हे त्यांना आठवेना.

तळ्याचा फाटा आला. ठरलं इथपर्यंतच होतं. पण वळायचं तर गाडी थांबणार, दार वाजणार, काकू उठणार. काकांनी फाट्याकडे पाहिलं आणि सरळ निघून गेले. आरशात तळं लहान होत होत दिसेनासं झालं. पुढे कधी न पाहिलेली झाडं होती, त्यांच्यामागे निळसर काहीतरी, डोंगर असावा किंवा ढग.

बऱ्याच वेळानं काकूंनी डोळे उघडले. "तळं आलं?"

"गेलं."

"मग हे कुठे आलोय?"

"मला काय माहीत! मीही पहिल्यांदाच येतोय."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. काकांचा जीव टांगणीला. विचारू की नको करत शेवटी त्यांनी विचारलं, "थांबवू का? आडवी होतेस?"

"इतक्यात कशाला?" काकूंनी पाठीमागची उशी सारखी केली. "तो डोंगर येऊ दे की आधी."