बॅनरचं दुसरं टोक

"येवा, तुमचीच वाट बघी होतंय. ह्या जरा धरा बघू."

एवढं बोलून काका कापडी बॅनरचं एक टोक नव्या माणसाच्या हातात द्यायचे आणि दुसरं टोक घेऊन समोरच्या भिंतीकडे चालू लागायचे. आलेला माणूस नुसता डोकवायला आलेला असायचा. दारातूनच परत फिरावं असं त्याच्या मनात निम्मं ठरलेलं असायचं. पण हातात टोक आल्यावर जाणार कुठे? सोडलं तर बॅनर धुळीत पडणार. मग तो बिचारा खिळ्याला गाठ मारायचा, आणि गाठ मारून वळेपर्यंत काकांनी त्याचं गाव विचारलेलं असायचं.

तुम्ही कधी एखाद्या मंडळात नवखे म्हणून गेला असाल तर तुम्हाला माहीतच असेल, पहिली दहा मिनिटं जीव नकोसा होतो. बाकीचे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत असतात आणि आपण भिंतीवरचा नकाशा वाचत उभे. बोरिवली पश्चिमेला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी सकाळी आमचा सेवा क्लब भरायचा, तिथे मी अशीच गेले होते. लग्न होऊन भोरहून आले होते, इमारत नवी, नवरा दिवसभर फोर्टात. बोलायला कोणी नव्हतं. मला टोक मिळालं.

"गाव खंयचा?"

"भोर."

"बरा झाला. भोरचा कोण नव्हता आमच्यात."

जणू भोरची जागा रिकामी ठेवून सगळे खोळंबले होते.

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. गावं मात्र पक्की. आमचे दाताचे डॉक्टर म्हणजे 'कुडाळ', बँकेतले एक केरळी गृहस्थ 'पालघाट', आणि मी 'भोरच्या बाई'. एकदा भर बाजारात काकांनी "ओ पालघाट" अशी हाक मारली तर ते गृहस्थ, जे एरवी बायकोशीसुद्धा मोजून बोलत असतील, हातातली मेथीची जुडी उंचावून हसले. माणूस आपल्या गावाच्या नावाने असा हसतो हे मी तेव्हा पाहिलं.

काका मूळचे मालवणकडचे. परळच्या गिरणीत मागावर होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि ते चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर बसू लागले. "आठवडाभर गेटार बसान येणाऱ्या माणसाक विचारूचा, काय काम हा? रविवारी तरी कोणाक येवा म्हणूक नको?" असं ते म्हणायचे.

संत वगैरे नव्हते हं ते. बोलके इतके की डॉक्टरांचं व्याख्यान चालू असताना मागे कुजबुज करून चहा फिरवायचे. आणि हट्टी. एकदा पालघाट उत्साहाने लवकर आले आणि त्यांनी स्वतःच बॅनर बांधून टाकला. काकांनी आल्या आल्या तो सोडला, घडी करून मांडीवर घेतला आणि दाराशी बसले. त्या दिवशी नवीन कोणी फिरकलंच नाही. सभा बॅनरशिवाय झाली, आणि पालघाट दोन रविवार गाल फुगवून होते.

पण माणसं टिकत होती. टिकायला हवीच होती, कारण आमचं मुख्य काम होतं थंडीतलं डोळ्यांचं शिबिर. खाडीपलीकडच्या गोराईच्या म्हाताऱ्या माणसांना घरातून उठवायचं, हात धरून बोटीत बसवायचं, अलीकडे उतरवून शाळेत आणायचं, ऑपरेशननंतर पट्टीसकट घरी पोचवायचं. एकेका म्हाताऱ्यामागे एक माणूस लागायचा. डॉक्टर मिळायचे, औषधं मिळायची. हात धरणारे मिळणं कठीण. काकांनी दारात धरून ठेवलेली माणसंच ते करत होती. एका म्हाताऱ्या कोळणीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन असंच झालं. पट्टी सुटल्यावर तिने काकांचा चेहरा नीट निरखला आणि दुसऱ्या डोळ्याचं विचारलं. "फुडल्या वर्साक," काकांनी शब्द दिला.

मग नवे अध्यक्ष आले. एका कंपनीत मॅनेजर होते. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही सगळं खापर त्यांच्यावर फोडाल. त्यांनाच प्रथम वाटलं की इतकं करणाऱ्या माणसाने दारात का उभं राहावं. "आपण त्यांचा मान राखला पाहिजे," असं ते म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आपल्याकडे मान राखायची रीत एकच. सत्कार. शाल, श्रीफळ, हार, आणि काका 'आजीव मानद सदस्य' झाले. अध्यक्षांच्या शेजारी टेबलामागे त्यांच्यासाठी कायमची खुर्ची ठेवली गेली. काकांना बोलायला सांगितलं. डोळे पुसत नुसते हात जोडून उभे राहिले. आम्हालाही भरून आलं. इतका आनंदाचा दिवस क्लबात पुन्हा झाला नाही.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे दारात जाऊन उभे राहिले. अध्यक्षांनी टेबलामागून हाक मारली, "काका, अहो तुमची जागा इथे." ते आले, बसले. दाराशी आता छातीवर बिल्ले लावलेली स्वागत समिती होती. कापडी बॅनर मळका दिसतो म्हणून रंगवलेला लाकडी फलक भिंतीवर कायमचा ठोकला गेला होता. बांधायचं काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी एक नवा माणूस आला. दहिसरहून आला होता, हे पुढे सहीच्या वहीतून कळलं. स्वागत समितीने त्याला गुलाबाचं फूल दिलं, सही घेतली आणि बसा म्हणून सांगितलं. तो शेवटच्या बाकावर बसला. चहाच्या वेळी हातात फूल धरून एकटाच उभा होता. काका खुर्चीतून अर्धवट उठले. अध्यक्षांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "बसा काका, तुम्ही कशाला?" काका बसले. चहा संपला तेव्हा बाकावर फूल होतं आणि माणूस गेला होता.

असे पुष्कळ आले आणि गेले. काका खुर्चीवरून बघत राहायचे. मी चिटणीस होते, दोनतीनदा बोलून पाहिलं की काकांना दारात राहू दे. अध्यक्षांना खरंच कळेना. "सत्कार झालेल्या माणसाला दारात उभं करायचं? लोक काय म्हणतील?" म्हणाले. काकांनाही विचारलं. ते म्हणाले, "नको बाई. शाल घेतलंय आता." स्वतःच्या हातांनी घेतलेल्या मानाला ते बांधले गेले होते, आणि आम्ही ती गाठ टाळ्या वाजवत मारली होती.

जुनी माणसंही विरळ झाली. पालघाटांची बदली झाली, कुडाळ यायचे बंद झाले. त्या थंडीत शिबिराला हात धरणारे मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. पुढच्या वर्षी बघण्याइतकेही आम्ही उरलो नाही. मी काकांबरोबर बाजारात असताना ती कोळीण भेटली. पाटीमागून तिने एका डोळ्याने आधी काकांना ओळखलं आणि विचारलं, "दुसऱ्या डोल्याचा काय झाला?" काकांनी मासळी न घेताच पाठ फिरवली. त्यानंतर क्लबातली त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली.

शेवटी क्लब बंद करायचं ठरलं. त्यालाही सभा लागते आणि सभेला ठरावीक माणसं लागतात. आमच्यात नेमका एक माणूस कमी पडत होता, आणि मानद सदस्यही मोजणीत धरता येत होता. अध्यक्ष मला म्हणाले, "काकांना घेऊन या."

मी दुपारी चारकोपला गेले. काका घराच्या ओट्यावर बसले होते. मी फाटकातून आत पाऊल टाकलं. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि विचारलं, "काय काम काढलात, बाई?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, काम होतं. ते मी सांगितलं. ऐकून घेऊन म्हणाले, "येतंय."

रविवारी ते आले आणि दारात थबकले. स्वागत समिती केव्हाच संपली होती. आम्ही मोजकी माणसं पुढच्या बाकांवर बसलेली. अध्यक्षांनी त्यांना पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकून उठलेच, "या, या काका. तुमचीच वाट बघत होतो."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. काका आत येऊन शेवटच्या बाकावर बसले.

ठराव वाचला. कोणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. काका उठले. "गोराईच्या म्हातारेचो दुसरो डोळो?"

"तो विषय आज पत्रिकेवर नाही, काका."

काका बसले. हात वर झाले. त्यांचाही झाला.

शाळेचं कपाट रिकामं करून द्यायचं होतं. त्यात तळाला तो कापडी बॅनर निघाला. बाकीचे निघून गेले होते, अध्यक्ष किल्ली द्यायला शिपायाकडे गेले होते. काकांनी बॅनर झटकला आणि एक टोक माझ्यापुढे केलं.

"ह्या जरा धरा बघू."

मी धरलं. ते दुसरं टोक घेऊन भिंतीपर्यंत मागे गेले, कापड ताणलं आणि घडी घालत माझ्याकडे येऊ लागले. अगदी जवळ आल्यावर त्यांनी माझ्या हातातलं टोक काढून घेतलं आणि शेवटची घडी स्वतः घातली.

"जावा आता, भोरच्या बाई," ते म्हणाले. "सुटलात."

त्या उन्हाळ्यात ते बायकोला घेऊन गावी गेले ते तिकडचेच झाले. मी अजून बोरिवलीतच आहे. कुठल्याही सभेला गेले की दाराशी पाय अडखळतो आणि हात आपोआप थोडासा पुढे होतो. त्यात कोणी काही देत नाही.