कोरसचं ‘नाय’

मंडळी, आज दुपारी किन्हवलीत आमच्या महिला मंडळानं ग्रीक नाटक केलं.

ग्रीक नाटकातला कोरस म्हणजे गावाचा आवाज, हे मीच बायकांना शिकवलं. आणि तालमीत त्यांचं प्रत्येक ‘नाय’ खोडून ‘नाही’ करून घेतलं.

युद्धाला निघालेल्या राजाला अडवताना आज सगळ्या जणी त्या ‘नाही’वरच अडखळल्या. प्रेक्षक चुळबुळले. नाटक पडणार, असं वाटलं.

तेवढ्यात कोरसमधल्या सुमनताई कमरेवर हात ठेवून गरजल्या, “जायाचं नाय म्हंजे नाय रे, राजा! भात कोन कापंल, तुजा बापूस?”

“नाय!” कोरस ओरडला. मागोमाग सगळं मैदान, “नाय!”

राजानं हसत तलवार टाकून विळा मागितला. टाळ्या थांबेनात.

मैदान जिंकलं! पण गावाचा आवाज मीच खोडत होते. तुम्ही कुणाचं ‘नाय’ खोडलंय?