रिबकाबाई आणि राजाचं सोनं

रिबकाबाई वर्गात आल्या की आधी विचारायच्या, "कालच्या धड्यातलं काय पटलं नाही?" पौडच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, मी गणित. बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. नवरा वारल्यावर मुलगा दानिएल याच्याबरोबर कोळवणला राहायच्या.

दोन हजार साली त्यांनी मला स्टाफरूममध्ये आपला धर्मग्रंथ दाखवला. दावीद राजानं मंदिरासाठी एक लाख किक्कार सोनं साठवलं, असं त्यात होतं. किक्कार म्हणजे साधारण चौतीस किलो वजन. "मांडा गणित, सर." मी मांडलं. आमचा दहावीचा वर्ग जमिनीपासून छतापर्यंत सोन्यानं भरला असता!

बाईंनी मला तडक त्या वर्गात नेलं आणि मुलांना सगळी गोष्ट सांगितली. घोटावड्याची एक पोरगी म्हणाली, "बाई, राजा तर मेंढरं राखायचा म्हनं. येवढं सोनं आलं कुटनं?"

"हेच विचारायचं!" बाई टाळी देऊन म्हणाल्या. "मुळशीसारखाच डोंगराळ मुलूख तो."

त्या हिवाळ्यात, हनुक्क्याच्या, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाला, पुण्याच्या सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, त्यांचं भाषण ठरलं. दानिएलचा चेहरा उतरला. त्याचं लग्न समाजाच्या प्रमुखांच्या, आयझॅकसाहेबांच्या मुलीशी ठरत होतं.

"आई, सोन्याचा विषय राहू दे. सोयरीक मोडेल."

"मनातलं दडवून सून आणू का?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण एसटीत माझ्या शेजारी बसून पुण्यापर्यंत रुमाल पिळत होत्या.

भाषणात त्यांनी वर्गाचं गणित सांगितलं आणि आयझॅकसाहेब ताडकन उठले. "रिबकाबाई, पवित्र ग्रंथ खोटा म्हणता?"

दानिएलनं मान खाली घातली.

"आयझॅकभाई, तुमच्या आजोबांच्या लग्नाला किती माणसं जेवली?"

"अख्खं अलिबाग!"

"मांडव केवढा होता हो?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "आजोबा खोटारडे नव्हते. त्यांना तो दिवस तेवढा मोठा वाटला. हा ग्रंथ लिहिणाऱ्यांचं राज्य गेलं होतं, जुनं मंदिर जळालं होतं. मग त्यांनी आपल्या राजाला शब्दांनी मढवलं. ते सोनं मला पटत नाही. त्यांची माया पटते."

आयझॅकसाहेब म्हणाले, "मांडव लहानच होता, बाई." आणि टाळ्या वाजवायला त्यांनीच सुरुवात केली. जेवायच्या आधीच सिनेगॉगमधला मुलांचा वर्ग बाईंच्या गळ्यात पडला, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत चालवला.

दोन हजार नऊमध्ये बाई गेल्या. मला मात्र आठवतात त्या दानिएलच्या लग्नातल्या, अंजिरी साडीतल्या. आयझॅकसाहेबांनी द्राक्षरसाचा पेला उंचावला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मुलीच्या अंगावर सोनं किती घातलंय, ते काही मी सांगणार नाही. विहीणबाई गणिताचे सर बरोबर घेऊन आल्यात!"

मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या रिबकाबाई.