माय गेली त्या दिवशीचा स्लॅब

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी मायसाठी पक्कं घर बांधायला घेतलं होतं. तिचा सगळा जन्म कापूस वेचण्यात आणि टिनाच्या छपराखाली गेला. स्लॅबचा दिवस भर मे महिन्यात आला, तेव्हा ती शेजारी काकांच्या घरी अंथरुणावर होती.

सकाळी मिस्त्रीनं मिक्सरच्या पाण्यात तपकिरी औषध ओतलं. मी विचारलं, "हे कायले?"

"उन्हात माल लवकर सेट होते, बाई. हे टाकलं का सावकाश होते."

मिस्त्री तांड्यावरचा. त्याची आई लहानपणीच गेलेली, म्हणून माझ्या मायला तो त्यांच्या बोलीत 'याडी' म्हणायचा.

अर्धा स्लॅब झाला असेल. मी मायजवळ गेले. तिनं विचारलं, "टाकला का वं?"

"टाकून राह्यले, माय. ऐकू येते ना मशीन?"

तिनं मान हलवली. मी पाण्याचा पेला घेऊन वळले, तेवढ्यात ती गेली.

काकानं बाहेर जाऊन सांगितलं आणि मिक्सर बंद झाला. मग तोच हळू आवाजात म्हणाला, "पण मधात जोड राह्यला तर जन्मभर गळंन."

"औषध टाकलं हाये, काका," मिस्त्री म्हणाला. "माल एवढ्यात धरत नाही. याडीले पोचवून येऊ, मंग करू."

ओल्या मालाच्या कडेवर भिजलेली पोती टाकून सगळे खाली उतरले. कुणाची वाट पाहायची नव्हती. बाहेरगावी राहणारी मी एकटीच, आणि मी इथंच होते. पंचशील म्हटलं. तिरडीला एक खांदा माझा होता, एक मिस्त्रीचा. त्याच्या हाताचं सिमेंट अजून निघालं नव्हतं.

परत आल्यावर त्यानं पोती उचलून मालात सळई खुपसून पाहिली. ती सहज आत गेली. मिक्सर पुन्हा सुरू झाला तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं.

पुढचे काही दिवस भेटायला बाया यायच्या आणि मी वर स्लॅबला पाणी मारत असायचे. "खाली ये, पोरी," त्या म्हणायच्या. मला उतरावंसं वाटत नसे.

पावसाळ्यात कुठंच गळलं नाही. मी यवतमाळलाच राहते. घर बंद असतं. एकदा झाडायला आले तेव्हा मिस्त्री डोकावला. वर पाहत म्हणाला, "कुठी थांबलो होतो, आता मलेबी सापडत नाही."

आम्ही दोघं बराच वेळ वर पाहत राहिलो. घरात बसायला काही नव्हतं, म्हणून काकूकडचा चहा त्याला ओट्यावरच दिला.