ओढ्याचं कडवं

बनुबाई मेंगाळ पहाटे चारला उठायची. झऱ्यावर आधी पोहोचेल त्यालाच पाणी. वाटीनं खरवडून घागर भरेपर्यंत उजाडायचं. मग डोंगर उतरून खडीवर यायचं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा, अकोले तालुक्यातलं दुष्काळी रस्त्याचं काम. माझा ढीग तिच्या ढिगाला लागून होता. ही ठाकरवाडीतली विधवा दगडाची शीर बघून हातोडी घालायची. घाव वाया जात नसे. दुपारी आम्ही गडी आडवे व्हायचो, ती करंजाखाली पोरं जमवायची.

पोरं संगमनेरकडच्या कोरड्या गावांतली. बाजरी ओळखायची, डोंगर नाही. बनुबाई त्यांना सांगायची, होला पक्षी कुणाला हाका मारतो, मोहाची फुलं रात्रीच का गळतात. सगळ्यांत आवडतं गाणं कडू कंदाचं:

कंद म्हातारी, कडू तिचं त्वांड,
चिरून पातळ राखंत मांड,
शिजव मडक्यात, वतून दे पानी...

इथं ती तोंड मिटून नुसता सूर धरायची.

"आजी, ही म्हातारी तुझ्यावानी कडू हाय व्हय?" पोरं विचारायची.

"माझ्यापरास लई. मला राख लागत न्हाई."

"अन् फुडचं कडवं?"

"त्यात वढा हाय. आटल्या वढ्याचं गाऊ नये, त्यो रुसतो. पाऊस आल्यावर गाऊ."

तिच्या घरची रीत तशी होती. कंदाचा वाळला वेल काट्यांवरून ओळखायचा, हे मात्र तिनं शिकवलं होतं.

त्या आठवड्यात मजुरांना वाटायच्या सुकडीची, सरकारी खाऊची, गाडी आली नाही. रेशनची मिलो ज्वारीही संपली. खडीवरच्या छबूबाईची पोरगी विजयमाला, नऊ-दहा वर्षांची, एकटी उतारावर गेली. कंद खणला, पातळ चिरला, राख लावली, शिजवला, पाणी ओतून दिलं. धाकट्या भावाला, कानिफला, पोटभर घातला. स्वतः दोन घास खाल्ले.

संध्याकाळी दोघं ओकू लागली. खडीच्या ट्रकमधून अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. कानिफ वाटेतच गेला, विजयमाला वाचली.

परत आल्यावर छबूबाई पोरीला मारत सुटली. बनुबाई मध्ये पडली. "पोरी, वाहत्या पान्यात ठिवलं हुतंस का रातभर?"

"वाहत्या पान्याचं गाण्यात न्हवतं. गाण्यात हुतं तसंच केलं."

बनुबाई खाली बसली. मग म्हणाली, "छबू, तिला मारू नगंस. तिचं चुकलं न्हाई. म्या अर्धंच शिकवलं."

"मग पुरं का न्हाई शिकवलंस?"



दुसऱ्या दिवशी उतारावर नवे खड्डे दिसले. दुसरी पोरंही कंद उकरत होती. सूर्यभान मुकादम तिच्यावर तडकला. "तोंडानं सांग की त्यास्नी, खाऊ नगा म्हनून."

"सकाळीच सांगितलं. भुकेपुढं सांगितलेलं टिकत न्हाई. गायलेलं टिकतं."

"मग गा."

"कोरड्या वढ्यापुढं? माझ्या मायनं कधी गायलं न्हाई."

पगाराच्या दिवशी ती रांगेत पहिली होती. पैसे घेऊन बैलगाडीवरून पाणी विकणाऱ्याकडे गेली, अख्खं पिंप विकत घेतलं आणि गाडी रस्त्याकडच्या कोरड्या ओढ्यात लावायला लावली. तिथं नुसता कातळ होता, पाणी मुरणार नव्हतं. चिरून शिजवलेला कंद तिनं टोपलीत घालून कातळावर ठेवला आणि पिंपाचं बूच काढलं.

बाया धावल्या. "प्यायला थेंब न्हाई, अन् ही रांड वढ्यात वतती."

"घागरी आना, पर हे कंदावरचं पानी भरू नगा," बनुबाई म्हणाली. "माझं हुईस्तवर वाहू द्या. मग उरलं सगळं तुमचं."

पाणी टोपलीतून वाहू लागलं तसं तिनं तोंड उघडलं:

निजव वढ्यात रातीच्या रानी,
सकाळी उठंल साखरवानी.

"रातभर," ती पोरांना म्हणाली. "पिंपभर पान्यानं कडू जात न्हाई. वढा वाहत नसंल तर कंदाला हात लावायचा न्हाई. म्हना."

पोरांनी म्हटलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. छबूबाई घागर न आणता लांब उभी होती. तिच्याजवळ विजयमाला. आवाज आला नाही, पण तिचे ओठ हलत होते.

उरलेलं पाणी बायांनी पिंपातून भरून नेलं. बनुबाईनं टोपलीतला कंद खड्डा करून पुरला, वर दगड ठेवला. आठवडाभर फोडलेल्या खडीच्या पैशांत तेवढंच आलं: दोन ओळी पोरांच्या तोंडी बसेपर्यंत वाहिलेलं पाणी.