आम्ही वरच्या लीगमध्ये गेलतो

आमच्या बेसबॉल टीममधली दोन माणसं चहाच्या गाड्यावर भेटली, की शेजारी उभा असलेला तिसरा माणूस हमखास कामाला उशिरा पोचतो. एकानं एक सुरू केलं की दुसऱ्याला दुसरं आठवतं. मॅच एकच असते, पण ती नऊ जणांनी नऊ जागांवरून हरलेली असते, त्यामुळं किस्से वाढतच जातात. आम्ही जिंकत असतो तर एवढा साठा झाला नसता. त्या पहिल्या वर्षातलं मला आठवतंय तेवढं सांगतो. मी कॅचर. बॅट्समनच्या मागं बसून बॉल झेलणारा. म्हणजे आमचं जे काय झालं, ते सगळ्यात जवळून मीच बघितलंय.

*

राज्याच्या वरच्या लीगमध्ये आठ टीम होत्या. त्या दहा करायचं ठरलं आणि दोन नव्या टीमसाठी अर्ज मागवले. आमचे शिंदे सर हायस्कूलला खेळाचे मास्तर. रिटायर झाल्यावर घरात त्यांचं मन रमेना. त्यांनी आमच्या गावाच्या, गडमुडशिंगीच्या नावानं अर्ज टाकला आणि मग टीम शोधायला बाहेर पडले. मी दूध डेअरीत फॅट तपासतो. राहुल कांबळे वायरमन. बाजीराव चौगुले पैलवान. कुस्ती सुटलेली, पण अंग तसंच. जाधवांचे दोघे भाऊ ऊसवाले. आमच्यातल्या एकालाही बेसबॉलचा गंध नव्हता. सर म्हणाले, ते बरंच आहे, विसरायला काही नाही.

लीगचे एक साहेब मैदान बघायला यायचे होते. मैदानाबरोबर ते गावाची आवडही बघणार, असं सरांना कळलं. सरांनी गावभर निरोप धाडले. सकाळी नऊलाच शंभरेक माणसं बांधावर येऊन बसली. आम्ही साहेबांसमोर तासभर बॉल फेकला, झेलला, पळालो. माणसं जागची हलली नाहीत. साहेब खूश झाले. जाताना एका म्हाताऱ्या आजोबांजवळ थांबून त्यांनी विचारलं, आजोबा, आवडला का खेळ?

आजोबा म्हणाले, "ह्यांचं आवरलं की क्रिकेट सुरू हुणार हाय न्हवं?"

तरी आम्हाला घेतलं. अर्ज तीनच आले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

*

पहिली मॅच सोलापूरला. बाजीराव तिसऱ्या बेसवर उभा; पहिला, दुसरा, तिसरा बेस असे टप्पे पळत गाठून घरी परतलं की एक धाव. सरांनी त्याला एकच गोष्ट घोटून घेतली होती: पळत येणाऱ्याला हातातला बॉल लावायचा, तो बाद. महिनाभर बाजीराव तेवढंच करत होता आणि छान करत होता.

मॅचमध्ये त्यांचा एक पोरगेला खेळाडू दुसऱ्या बेसवरनं सुटला आणि शेवटी जमिनीवर घसरत थेट बाजीरावच्या पायात आला. बॉल बाजीरावच्या हातात होता. पण पायाला माणूस लागल्याबरोबर त्याच्या अंगात काय संचारलं देव जाणे. त्यानं बॉल टाकून दिला, दोन्ही हात मोकळे केले, त्या पोराचा पाय धरला आणि त्याला उताणा करून छातीवर बसला. मग मान वर करून पंचाकडं बघायला लागला.

पंचांनी हात पसरले. नाबाद.

बाजीराव उठला, अंगावरची माती झटकली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, पाठ टेकली की त्येची."

त्या पोराला त्यानं स्वतः उठवलं, दंड चोळून दिला आणि मॅच संपल्यावर आपल्या डब्यातले दोन बेसनाचे लाडू खायला घातले. मॅच आम्ही दणकून हरलो. त्या पोराचा अजून बाजीरावला दिवाळीला फोन येतो.

*

राहुल आमचा पिचर, म्हणजे बॉल फेकणारा. त्यानं बॉल कसा फेकावा हे कॅचरनं मांडीआड बोटं दाखवून सांगायचं असतं, म्हणजे समोरच्याला कळत नाही. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा, तीन म्हणजे हळू. हे सगळं मी आरशासमोर बसून पाठ केलं. बायको म्हणाली, डेअरीत कुणी एवढं लक्ष देऊन फॅट बघितलं असतं तर.

अडचण एवढीच होती की राहुलला सरळ सोडून दुसरा बॉल येत नव्हता. मी एक बोट दाखवलं तरी सरळ. दोन दाखवली तरी सरळ. तीन दाखवली की तो मान हलवून नको म्हणायचा, आणि सरळ टाकायचा. तरी आम्ही खुणा सोडल्या नाहीत. सर म्हणायचे, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की काहीतरी शिजतंय.

नाशिकच्या टीमविरुद्ध नऊपैकी सहावी इनिंग चालू होती. त्यांचा बॅट्समन चांगला वयस्क, शांत माणूस. मी नेमानं बोटं दाखवतोय, राहुल नेमानं सरळ टाकतोय, आणि तो नेमानं मारतोय. शेवटी न राहवून तो खाली वाकला आणि मला हळू आवाजात म्हणाला, "दादा, बोटांना कशाला त्रास देताय?"

*

घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचला आमचे वडील आले. आजवर ते कुस्ती सोडून कुठला खेळ बघायला गेले नव्हते. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. बाकीच्यांपासून लांब, लिंबाखाली बसले. मी लांबूनच त्यांच्याकडं बघत होतो. त्या दिवशी मी बरा खेळलो, हे मी म्हणतोय असं नाही, सर म्हणाले. दोन वेळा अवघड बॉल अडवले. एकदा तर आडवा पडून अडवला.

मॅच संपायच्या आधीच वडील उठून गेले. मला वाईट वाटलं. रात्री जेवताना ते काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. ते भाकरी मोडत आईला म्हणाले,

"पोरगं आज दोन तास उकिडवं बसलं हुतं. त्येच्या पोटाचं काय हाय ते जरा बघ."

आईनं मला आठवडाभर ताक-भात घातला.

*

आमच्या मैदानाच्या एका अंगाला जाधवांचा ऊस. त्यात बॉल गेला तर तो शोधून आणेपर्यंत समोरचा पळतच राहणार, असं पंचांनी आधीच सांगून टाकलं होतं. उभ्या उसात बॉल शोधणं म्हणजे काय, हे जाधव बंधूंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. म्हणून सांगलीच्या टीमशी मॅच होती त्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी मिळून एक उपाय केला. पहिल्या सरीत एक जादा बॉल ठेवून दिला. मला त्याची आजही लाज वाटते. त्या दिवशी वाटली नाही.

तिसऱ्या इनिंगला सांगलीच्या बॅट्समननं मारलेला बॉल उसात गेला. थोरला जाधव पळाला, पहिल्या सरीत वाकला आणि क्षणात बॉल माझ्याकडं फेकला. मी ग्लोव्हमध्ये झेलला. पळणारा अजून लांब होता. आता हा बाद, असं म्हणेपर्यंत उसातनं दुसरा बॉल आला. धाकट्या जाधवाला खरा बॉल सापडला होता, आणि सापडल्याच्या आनंदात त्यानं तो फेकून दिला. समोरून येतोय म्हटल्यावर मी तोही उजव्या हातानं झेलला. तेवढ्यात पळणारा आला. मी त्याला दोन्ही हातांनी बॉल लावले.

पंच चालत आले. त्यांनी एकदा माझ्या डाव्या हाताकडं बघितलं, एकदा उजव्या. आणि अगदी सभ्यपणे विचारलं, यातला मॅचचा बॉल कुठला?

मी घाबरून गेलो होतो. तोंडातनं जे निघालं ते निघालं. "साहेब, उजव्या हातातला. ग्लोव्हमधला आमी सकाळीच ठेवलाय."

*

सीझन निम्मा झाला आणि लीगचं पत्र आलं. दोन्ही नव्या टीमचा पुढच्या वर्षी विचार होईल, पण किमान एक मॅच जिंकलेली पाहिजे. दुसरी नवी टीम तोवर तीन जिंकून बसली होती. सरांनी पत्र आम्हाला वाचून दाखवलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि पळायला लावलं. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही.

त्यानंतरची मॅच राधानगरी रोडवरच्या एका कॉलेजच्या मैदानावर होती. आमच्या मैदानात चिखल झाला होता. आणि त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, राहुलचे सरळ बॉल कुणाला लागेनात, बाजीराव मारत सुटला, चार इनिंग झाल्या तेव्हा आम्ही पाच धावांनी पुढं होतो. तेवढ्यात राधानगरीच्या अंगानं आभाळ काळं करत आलं. पाच इनिंग पूर्ण झाल्या तरच निकाल धरायचा, नाहीतर मॅच रद्द. पाचवी सुरू झाली, पहिली बॅटिंग आमची. सरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, आता धावा नकोत, पटापट तिघं बाद व्हा, म्हणजे त्यांची बॅटिंग उरकता येईल.

दोघे शहाण्यासारखे बाद होऊन आले. तिसरा नंबर माझा. सबंध सीझनमध्ये माझ्या बॅटला बॉल लागला नव्हता. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "दिगंबर, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास हाय."

तीन बॉल हुकले की बाद. पहिले दोन मी व्यवस्थित सोडले. तिसऱ्याला डोळे मिटून, बॉल येईल त्याच्या हातभर वरनं बॅट फिरवली. बॉलच वर आला. असा आवाज मी तोवर दुसऱ्यांच्याच बॅटचा ऐकला होता. बॉल त्यांच्या शेवटच्या माणसाच्याही डोक्यावरून गेला. सर ओरडत होते, थांब, थांब. मला ऐकू येत होतं. पण पाय ऐकेनात. मी दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिलो, हात वर केले आणि माझ्या हातावर पहिला थेंब पडला.

मॅच रद्द झाली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये सर पुढं बसले होते. मी मागं कोपऱ्यात बसलो होतो. गडमुडशिंगीचा फाटा आला तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारलं, "लागला कसा रं?"

मी म्हटलं, "डोळं झाकल्तं, सर."

"मग आधीपास्नंच का झाकलं न्हाईस?"

*

शेवटची मॅच पुण्याच्या टीमशी, आमच्याच मैदानावर. ते वर्षभर एकच मॅच हरलेले. त्यांचा लीगमधला पहिला नंबर ठरून गेला होता, आम्ही अजून एकही जिंकलो नव्हतो. त्यामुळं असेल, ते जरा सैल खेळले, आणि आम्ही जीव टाकून. शेवटच्या इनिंगला धावा बरोबरीत. आमचे दोघे बाद, तिन्ही बेसवर आमची माणसं उभी, तिसऱ्या बेसवर बाजीराव. तो घरी आला की आम्ही जिंकलो. आणि बॅटिंगला मी.

मी सरांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते.

दोन बॉल गेले, दोन्हीला मी बॅट फिरवली, दोन्ही चुकले. तिसरा पिचरच्या हातातनं निसटला असणार. तो सरळ माझ्या अंगावर आला आणि बरगडीत बसला. मी जिथं होतो तिथंच खाली बसलो. बॉल अंगाला लागला की बॅट्समनला पहिला बेस फुकट मिळतो, बाकीचे एकेक बेस पुढं सरकतात. म्हणजे बाजीराव घरी. तो नाचतच आला. सगळी टीम त्याच्यावर पडली, त्याला खांद्यावर घेतलं आणि माझ्या अंगावरून पलीकडं घेऊन गेली. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

पण पुण्याचा कॅप्टन पळत पंचांकडं आला. नियम असा आहे, की अंगावरचा बॉल चुकवायचा प्रयत्न तरी दिसला पाहिजे. मुद्दाम लावून घेतला तर धरत नाहीत. कॅप्टनचं म्हणणं, हा माणूस तसूभर हलला नाही. बाजीरावला खांद्यावरनं खाली ठेवलं. सर मैदानाच्या कडेला उभे होते, पत्राच्या खिशावर हात ठेवून.

पंच माझ्याजवळ वाकले. "तुम्ही चुकवायचा प्रयत्न केला होता का?"

मला श्वासच घेता येईना. तोंड उघडलं, आवाज नाही.

मग पंच पुण्याच्या कॅचरकडं वळले. तो माझ्या मागंच बसलेला, सगळ्यात जवळ. माझ्याच वयाचा असेल, कानाजवळ केस पिकलेले. त्यानं तोंडावरची जाळी वर केली. आधी आपल्या कॅप्टनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सर," तो म्हणाला, "यांच्याविरुद्ध मी दोन मॅच खेळलोय. अंगाला लागेपर्यंत यांना बॉल दिसतच नाही. दिसला असता तर हलले असते."

पंचांनी पहिल्या बेसकडं बोट दाखवलं.

मी बरगडी धरून तिथवर चालत गेलो. मॅच संपल्यावर दोन्ही टीम रांगेत उभ्या राहून हात मिळवत होत्या. तो कॅचर समोर आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं माझा हात जरा घट्ट दाबला आणि कानाशी येऊन म्हणाला,

"बॉल दिसला होता की नाही, ते मला सांगू नका."